रुग्णसुरक्षा : उपकरणांइतकेच प्रशिक्षणही महत्त्वाचे

झाशी शहराच्या जुन्या तटबंदीतील दतिया गेटची वस्ती असो किंवा ललितपूर, महोबा जिल्ह्यांतील खेडे असो, नवजात बालक गंभीर आजारी पडले की बुंदेलखंडातील सामान्य कुटुंबाची धाव झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे असते. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री याच रुग्णालयातील नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागली. अधिकाऱ्यांच्या माहितीनुसार कक्षात त्या वेळी ४९ बालके होती. त्यांपैकी ३९ बालकांना बाहेर काढण्यात यश आले. १० बालकांचा मात्र त्या रात्रीच मृत्यू झाला. वाचवलेल्या बालकांपैकीही काही पुढील दिवसांत उपचार सुरू असताना दगावली. आग शॉर्ट सर्किटमुळे लागल्याचे आणि त्यामागे घातपात नसल्याचे प्राथमिक चौकशीत आढळले.

या रुग्णालयाची अग्निसुरक्षा तपासणी फेब्रुवारी २०२४ मध्ये आणि आग विझवण्याची रंगीत तालीम जूनमध्ये झाली होती, असे उत्तर प्रदेशचे उपमुख्यमंत्री ब्रजेश पाठक यांनी दुर्घटनेनंतर सांगितले. तालीम झाली होती हे मान्य केले, तरी ती कोणत्या कक्षात आणि कोणत्या पाळीत झाली, तसेच रात्री कामावर असणाऱ्या परिचारिका, तंत्रज्ञ व वॉर्डबॉय तिच्यात सहभागी होते काय, हे प्रश्न उरतातच.

महाराष्ट्राला हे दुःख नवे नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू दक्षता कक्षाला आग लागून १० बालकांचा मृत्यू झाला आणि ७ बालके वाचली. दोन्ही घटनांत कक्षाचे दोन भाग होते. एका भागातील बालके वाचली, तर दुसऱ्या भागापर्यंत मदत वेळेत पोहोचू शकली नाही. दोन्ही दुर्घटना रात्रीच्या, म्हणजे मनुष्यबळ कमी असतानाच्या होत्या.

अतिदक्षता कक्षात प्राणवायूचा सतत वापर होत असल्याने हवेत त्याचे प्रमाण वाढू शकते आणि ठिणगीचा भडका उडण्यास वेळ लागत नाही. प्लास्टिकची आवरणे व गाद्या यांच्या धुराने काही मिनिटांतच समोरचे दिसेनासे होते. अग्निशमन दल येईपर्यंतची ही मिनिटे सर्वस्वी कामावरील कर्मचाऱ्यांच्या हाती असतात. झाशीत एका परिचारिकेचे कपडे पेटले, तरी तिने बालकांना बाहेर काढण्याचे काम थांबवले नाही. अशा धैर्याचे मोल मोठे आहे, पण रुग्णांची सुरक्षा केवळ व्यक्तिगत धैर्यावर सोपवता येणार नाही.

दुर्घटनेनंतर निलंबन व बदल्या होतात, गुन्हेही दाखल होतात. भंडाऱ्यात तसेच घडले. पुढे त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून ११ रुग्ण मृत्युमुखी पडले, तेव्हाही तसेच झाले. जबाबदारी निश्चित झालीच पाहिजे. मात्र शिक्षेने पुढच्या पाळीतील परिचारिकेला काय करावे हे कळत नाही. ते प्रशिक्षणानेच कळते.

असे प्रशिक्षण देण्याचा अनुभव देशाला आहे. २००९ मध्ये सुरू झालेल्या नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रमात जन्मतःच श्वास न घेणाऱ्या बालकाला कसे वाचवावे, हे डॉक्टर व परिचारिकांना प्रतिकृतीवर प्रत्यक्ष सराव देऊन शिकवले गेले. आगीच्या बाबतीतही हीच पद्धत उपयोगी पडेल. आधी रुग्णाला धोक्यातून हलवणे, इशारा देणे, दार बंद करून आग व धूर कोंडणे आणि शक्य असेल तरच ती विझवणे, हा क्रम प्रत्येकाला पाठ हवा. प्राणवायूची झडप कोठे आहे, ती कोणाच्या सांगण्यावरून बंद करायची, कोणते बालक प्रथम न्यायचे, हेही आधी ठरलेले हवे. नव्याने रुजू झालेल्या आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांना हे शिकवल्याशिवाय कक्षाचे काम देऊ नये. सराव रात्रपाळीतही व्हावा आणि त्यात आढळलेल्या उणिवांची नोंद ठेवून त्या दूर व्हाव्यात.

अर्थात, क्षमतेपेक्षा अधिक रुग्ण आणि अपुऱ्या परिचारिका असतील, तर उत्तम प्रशिक्षणही तोकडे पडेल. जुनी वीजवाहिनी बदलणे आणि दुसरा मोकळा मार्ग ठेवणे याला पर्याय नाही.

रुग्णालयीन उपचारांत सुमारे दहापैकी एका रुग्णाला इजा पोहोचते आणि त्यांतील निम्म्याहून अधिक इजा टाळता येण्याजोग्या असतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. संघटनेने २०२५ चा रुग्णसुरक्षा दिन नवजात शिशू व बालकांच्या सुरक्षित उपचारांना वाहिला होता. झाशी व भंडाऱ्याच्या मातापित्यांनी आपली बालके वाचावीत म्हणूनच रुग्णालयाच्या स्वाधीन केली होती. तो विश्वास टिकवायचा असेल, तर पुढची तालीम कागदावर नव्हे, कक्षात व्हावी लागेल.