इतिहासाच्या विद्यार्थ्याने विज्ञानकथा का वाचाव्यात? : एक थ्रेड

१/ १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत जुना बिदर जिल्हा विभागला गेला. निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके द्विभाषिक मुंबई राज्यात येऊन उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. बिदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेले. नकाशावरची ती रेघ थोडी पश्चिमेला ओढली गेली असती, तर निलंग्यात बसून मी हा थ्रेड कदाचित कन्नडमध्ये लिहीत असते.

२/ वरच्या परिच्छेदातील पहिली तीन वाक्ये इतिहास आहेत, चौथे कल्पित. पण चौथे वाचल्यावरच पहिल्या तिन्हींचे वजन जाणवते. एरवी ती स्पर्धापरीक्षेच्या टिपणातील एक नोंद ठरली असती. आजचा थ्रेड इतिहास आणि कल्पित यांच्या ह्या नात्याविषयी आहे.

३/ निमित्त असे : नीळकंठेश्वर मंदिरावरील माझ्या थ्रेडखाली एका वाचकाने विचारले होते, "इतिहासात एम. ए. करता आणि वाचता मात्र परग्रहांच्या नि राक्षसांच्या गोष्टी. हे कसे जमते?" प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर एका ओळीत सांगायचे तर, चांगली विज्ञानकथा मला इतिहास वाचायला शिकवते. आणि आपण ज्यांना इतिहास समजून वाचतो त्या कादंबऱ्या पुष्कळदा ते विसरायला लावतात.

४/ आधी थोडी पार्श्वभूमी. मराठी कादंबरीने आरंभापासूनच दोन वाटा धरल्या. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७चे. विषय विधवांची दुःस्थिती, दृष्टी वास्तवाची. चारच वर्षांनी, १८६१ साली, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली आणि अद्भुतरम्य कादंबऱ्यांची लाट सुरू झाली. म्हणजे अद्भुत ही काल इंग्रजीतून आयात झालेली चैन नाही. ती आपल्या कादंबरीइतकीच जुनी आहे.

५/ इतिहासाच्या अभ्यासकाने ह्या प्रकाराकडे नाक मुरडावे, असाही आपला वारसा नाही. मराठ्यांच्या इतिहासाची साधने गावोगाव हिंडून गोळा करणाऱ्या वि. का. राजवाडे यांनी १९०२ साली 'कादंबरी' हा स्वतंत्र निबंध लिहिला आणि अद्भुत व वास्तव ह्या दोन्ही प्रकारांचा गांभीर्याने विचार केला. दप्तरे चाळणाऱ्या माणसाला कल्पिताची चिकित्सा कमीपणाची वाटली नाही.

६/ पुढे १९००च्या सुमारास 'केरळकोकिळ' मासिकातून जूल व्हर्नची चांद्रसफर मराठीत अवतरली. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या घरचा केला आणि 'फास्टर फेणे'ही दिला. नारायण धारपांनी भय आणि अद्भुत यांचे एक स्वतंत्र दालनच उघडले. ह्या लेखकांची पुस्तके वाचनालयांत हातोहात फिरून जीर्ण झाली. समीक्षेच्या ग्रंथांत मात्र त्यांना जागा बेताचीच मिळाली.

७/ मग १९७४ साल. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' ह्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे नाव खोटे होते. त्याची आद्याक्षरे उलटी वाचली की खरा लेखक सापडतो : जयंत विष्णू नारळीकर. जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञाने आपल्या कीर्तीचा लाभ नको म्हणून टोपणनाव घेतले होते. २०२१च्या नाशिक साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २० मे २०२५ रोजी ते गेले.

८/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यांची एकच कथा वाचायची असेल, तर 'गंगाधरपंतांचे पानिपत' वाचावी. तुमच्यापैकी अनेकांनी ती अकरावीच्या एनसीईआरटीच्या इंग्रजी पुस्तकात 'द अ‍ॅडव्हेंचर' ह्या नावाने वाचलीही असेल. पुण्याचे इतिहासकार गंगाधरपंत एका अपघातानंतर दुसऱ्याच भारतात पोहोचतात. तिथे १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठे जिंकलेले असतात.

९/ आता ह्या परक्या जगात गंगाधरपंत काय करतात, ते पाहा. ते ग्रंथालय गाठतात. आपण स्वतः लिहिलेल्या इतिहासाचे खंड क्रमाने काढतात आणि हकिकत नेमकी कोणत्या पानापासून वेगळी होते, ते शोधतात. तो क्षण सापडतो : विश्वासरावांना लागलेली गोळी इथे त्यांना चाटून गेलेली असते. परतताना खिशात राहिलेले बखरीचे एक पान हाच त्यांच्या अनुभवाचा एकमेव पुरावा ठरतो.

१०/ संशोधनपद्धतीच्या तासाला आम्हांला हेच शिकवले जाते : साधने शोधा, दोन वृत्तांत शेजारी ठेवा, फरक कुठे पडतो ते पाहा, पुराव्याविना बोलू नका. भौतिकशास्त्रज्ञाने लिहिलेल्या एका कल्पित कथेत ही पद्धत जितकी स्वच्छ दिसते, तितकी ती मला फार थोड्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत दिसली आहे.

११/ कथा आवडते म्हणून तिच्याशी भांडू नये असे थोडेच आहे? माझा आक्षेप असा : गोळी चुकली असती तरी उपासमार चुकली असती काय? युद्धापूर्वी दोन महिन्यांहून अधिक काळ मराठ्यांचे सैन्य बुणग्यांसह पानिपतावर अडकले होते. अब्दालीने रसद तोडली होती. माणसे आणि जनावरे अन्नावाचून खंगली होती. एका नेमक्या गोळीवर सारा दोष टाकला की ह्या कारणांकडे पाहायची गरज उरत नाही.

१२/ इथे आयझॅक अ‍ॅसिमोव्ह समोर ठेवावासा वाटतो. १९४२पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या त्याच्या 'फाउंडेशन' कथांचे बीज गिबनच्या रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाच्या इतिहासात आहे. तिथे एकट्या माणसाला मोल नाही. अब्जावधींच्या समूहाची गती गणिताने सांगता येते. नारळीकर म्हणतात, एक गोळी सारे बदलते. अ‍ॅसिमोव्ह म्हणतो, गोळीने काही बदलत नाही. व्यक्ती की परिस्थिती, हा इतिहासलेखनातला जुना वाद आहे. मला तो पाठ्यपुस्तकाआधी ह्या दोघांनी शिकवला.

१३/ आता माझ्या मताचा अप्रिय भाग. फेब्रुवारी २०२५मध्ये शिवाजी सावंतांच्या 'छावा' कादंबरीवर आधारलेला चित्रपट आला. त्यात बुऱ्हाणपूरच्या लुटीचा प्रसंग आहे. पुढच्याच महिन्यात असीरगडाजवळच्या शेतांत रात्री विजेऱ्या घेऊन मोगलांचे सोने शोधत खणणाऱ्या लोकांच्या बातम्या आल्या. अ‍ॅसिमोव्ह वाचून कोणी आकाशगंगेची राजधानी खणायला निघाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

१४/ गैरसमज नको. 'छावा', 'स्वामी', 'श्रीमान योगी' ह्या कादंबऱ्यांनी माझ्यासह हजारो मुलांना इतिहासाच्या दारापर्यंत आणले आणि ते ऋण मोठे आहे. तक्रार कादंबरीकारांविषयी नाही, आपल्या वाचनाविषयी आहे. त्यांनी रचलेला संवाद आपण पुरावा म्हणून वादात फेकतो. विज्ञानकथा आणि अद्भुतकथा पहिल्याच पानावर कबूल करतात की हे रचलेले आहे. ती कबुली वाचकाला सावध ठेवते.

१५/ अद्भुताचेही दोष सांगायला हवेत. विशेषतः कुमारांसाठीच्या परदेशी मालिकांत भविष्यवाणीने निवडलेला एकच नायक जग तारतो. साम्राज्ये उभी असतात, पण महसूल कोण भरतो, सैन्याला दाणागोटा कोण पुरवतो, हे कोणी विचारत नाही. टॉल्किन ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक होता, म्हणून त्याच्या जगातील भाषांना वंशावळ आहे. नकल करणाऱ्यांनी तलवारी घेतल्या, ती मेहनत घेतली नाही.

१६/ एका नायकाचे हे वेड आपल्याकडेही आहेच. गावातले कोणतेही जुने दगडी मंदिर 'हेमाडपंती'! हेमाद्री हा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील यादवांचा मंत्री. निलंग्याच्या नीळकंठेश्वराची शैली त्याच्या आधीच्या कल्याणीच्या चालुक्यांची. ती राजधानी, आजचे बसवकल्याण, इथून फार लांबही नाही. पण अनेक पिढ्यांच्या पाथरवटांचे श्रेय एकाच नावावर जमा करणे सोपे असते. नायककथा अशीच वास्तव गिळते.

१७/ मग मराठवाड्यातल्या वाचकाने हे सारे का वाचावे? फ्रँक हर्बर्टची 'ड्यून' १९६५ची. वाळवंटी ग्रहावर माणसे अंगातला ओलावा परत मिळवणारे पोशाख घालतात. मी ती वाचली तेव्हा मला परग्रह दिसला नाही, लातूर दिसले. मार्च २०१६मध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी होती. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाणीगाडी आली : दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. तेव्हा मी शाळेत होते.

१८/ तसेच ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीनंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटे, किल्लारी. दख्खनचे पठार स्थिर मानले जात होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर माळवद, ही आमच्याकडची घरे उन्हापासून राखणारी. त्या पहाटे तीच हजारो माणसांवर कोसळली. कल्पनेतही नसलेल्या धोक्यासाठी कोणी घर बांधत नाही. 'असे झाले तर?' हा प्रश्न म्हणजे पोरखेळ नव्हे, हे आमच्या भागाला वेगळे सांगावे लागू नये.

१९/ आणि सर्वांत मोठी उणीव. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी निजाम आणि भारत यांच्यात एका वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. वर्ष भरण्याआधीच, १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ह्या काळात, पोलिस कारवाई झाली. ती झाली नसती तर? करार पुढे वाढला असता तर? रझाकारांचे अत्याचार आणि कारवाईनंतरची हिंसा, दोन्हींच्या आठवणी इथल्या घराघरांत आहेत. तरीही ह्या 'तर'वर उभी असलेली एकही मराठी कुमारकादंबरी मला आजवर वाचायला मिळाली नाही.

२०/ म्हणून निलंग्यातल्या मुलाला वाटते की इतिहास पुण्यात आणि दिल्लीत घडतो, भविष्य अमेरिकेत, आणि आपल्या गावात काहीच घडत नाही. जे झाले ते होणारच होते असे ज्याला वाटते, त्याला पुढचे काही बदलता येईल असेही वाटत नाही. माझ्या मते, कल्पिताला कमी लेखण्याची ही खरी किंमत आहे.

२१/ त्यात आमच्या सोळाव्या वर्षाचे काय होते, हे लातूर पॅटर्नमध्ये शिकलेल्यांना ठाऊक आहे. कादंबरी वाचायच्या नेमक्या त्या दोन वर्षांत हातात नीटच्या सराव प्रश्नसंचांखेरीज काही नसते आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर चारांपैकी एकच असते. मी 'गंगाधरपंत' पहिल्यांदा वाचली ती अशाच एका खोलीत, क्रमिक पुस्तकातला धडा म्हणून. तो परीक्षेला येणार नाही, असे वर्गात सांगितले होते. कदाचित म्हणूनच मी तो पूर्ण वाचला.

२२/ शेवटी एक विनंती. आपल्या तालुक्याच्या इतिहासातला एक प्रसंग निवडा आणि त्यावर एक 'जर-तर' खाली लिहा. अट एकच : ज्या घटनेपासून वाट बदलते ती खरी असावी, तिचे साल अचूक असावे, आणि तुमच्या कल्पित जगातही लोकांना धान्य कुठून मिळते, ते सांगता यावे.

माझी सुरुवात वर केलेलीच आहे : बिदर, १९५६. तुमची?