उत्क्रांतीवरचा आक्षेपही शिकवा

बारावीला उत्क्रांती शिकवताना मी डार्विनच्या आधी त्याच्या टीकाकाराचं नाव फळ्यावर लिहिते : फ्लीमिंग जेन्किन.

हा ब्रिटिश अभियंता, समुद्राखालून तारायंत्राच्या केबल टाकणारा. डार्विनचं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ 1859 मध्ये आलं. 1867 मध्ये जेन्किनने त्यातल्या नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. आईवडिलांचे गुण मुलात मिसळतात, असं तेव्हा बहुतेक जण मानत. मग एखाद्या जिवात उपजलेला उपयुक्त गुण पुढच्या पिढीत निम्मा, त्यापुढच्या पिढीत पाव उरणार. पिंपभर पाण्यात पडलेल्या शाईच्या थेंबासारखा विरून जाणार. निसर्गाने निवडायचं तरी काय?

डार्विनने हा आक्षेप झटकून टाकला नाही. 1869 च्या आवृत्तीत त्याची दखल घेऊन त्याने मजकूर बदलला. खरं उत्तर मात्र 1882 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच्या हाती लागलं नाही.

ते उत्तर 1866 मध्येच छापून झालं होतं! ब्रनोच्या मठात मेंडेलने गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. दुसऱ्या पिढीत गोल 5,474, सुरकुतलेले 1,850. म्हणजे जवळपास तिनास एक. सुरकुती निम्मीही झाली नव्हती आणि पावही. एक पिढी दडून राहून ती जशीच्या तशी परतली होती. गुण विरत नसतील, तर निवडीला वाव उरतो. तरी 1900 पर्यंत त्या निबंधाचं महत्त्व कुणी ओळखलं नाही. पुढे फिशर, राइट आणि नंतर भारताचे नागरिक झालेले हाल्डेन यांनी गणिताने मेंडेल आणि डार्विन यांची सांगड घातली.

उत्क्रांतीला ‘नुसता सिद्धांत’ म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हेच आहे : इतका अवघड प्रश्न पचवून हा सिद्धांत उभा राहिला आहे. म्हणूनच एनसीईआरटीने 2023 मध्ये दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळली, ते मला मुळीच पटलेलं नाही. अकरावीला जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलाची तिच्याशी शाळेत नीट गाठच पडणार नाही. पण आम्ही शिक्षकही नावं आणि सनावळ्या पाठ करून घेण्यावर थांबतो, हेही बरोबर नाही. मुलांना आधी जेन्किनचा प्रश्न घालावा, त्यावर भांडू द्यावं, मग मेंडेलचे आकडे देऊन भागाकार करायला लावावा. दहावीच्या मुलाला तेवढं गणित सहज येतं. तो धडा दहावीत परत यायला हवा, आणि येताना जेन्किनचा प्रश्न घेऊन यायला हवा.