सोडलेल्या माशाची किंमत

मासा पाण्याबाहेर आला म्हणजे त्याला किंमत येते, हा बाजाराचा साधा नियम आहे. बहामा बेटांच्या उथळ समुद्रात मात्र गेली अनेक दशके याच्या उलट व्यवहार चालू आहे. तेथे ‘बोनफिश’ नावाच्या चंदेरी, काटेरी माशासाठी परदेशी पाहुणे दिवसाकाठी शेकडो डॉलर मोजतात. मासा गळाला लागला की क्षणभर न्याहाळून तो पुन्हा पाण्यात सोडतात आणि रिकाम्या हातांनी परततात. हा श्रीमंतांचा पोरखेळ आहे असे म्हणून विषय संपत नाही. कारण या खेळावर अनेक खेड्यांतील चुली पेटतात.

भरतीचे पाणी वाळूच्या आणि समुद्रगवताच्या उथळ पट्ट्यांवर चढू लागले की खेकडे, कोळंबी व शिंपले टिपण्यासाठी हा मासा तेथे येतो. इंजिनाच्या आवाजाने तो बिथरतो. म्हणून स्थानिक वाटाड्या नावेच्या मागील उंच चौथऱ्यावर उभा राहून लांब काठीने नाव रेटतो. तळाशी एकरंग झालेला मासा बहुधा त्यालाच आधी दिसतो. नावेचे टोक म्हणजे बारा, असे घड्याळ कल्पून तो ‘दहा वाजता, चाळीस फूट’ अशी दिशा सांगतो आणि पाहुणा पिसे-केसांनी मढवलेला गळ तेथे फेकतो. ‘क्रेझी चार्ली’ हा जगभर वापरला जाणारा कृत्रिम गळ अँड्रॉस बेटावरील चार्ली स्मिथ या वाटाड्याच्या नावाने ओळखला जातो, यावरून या मंडळींच्या ज्ञानाचे मोल ध्यानात यावे.

जाळ्यात सापडलेला मासा एकदाच विकला जातो. सोडलेला मासा पुनःपुन्हा उत्पन्न देतो. बोनफिश वीस वर्षांपर्यंत जगू शकतो. मुद्दल न मोडता व्याज खाण्याचाच हा प्रकार होय. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने बहामातील या व्यवसायाची वार्षिक उलाढाल सुमारे १४ कोटी डॉलर असल्याचा अंदाज वर्तविला होता. बेलीझने २००९ साली बोनफिश, टार्पन आणि पर्मिट हे तिन्ही मासे पकडल्यास सोडून देणे कायद्याने बंधनकारक केले, त्यामागेही हाच हिशेब होता.

परंतु व्याज कोणाच्या पदरात पडते, हा खरा प्रश्न आहे. विश्रामगृह परक्याचे, आरक्षण परदेशात, आणि स्थानिक माणसाच्या वाट्याला केवळ दिवसाची मजुरी, अशी व्यवस्था असेल तर समुद्र राखण्यात त्याला स्वारस्य का वाटावे? बोनफिश थंडीच्या महिन्यांत पौर्णिमेच्या सुमारास हजारोंच्या संख्येने एकत्र येऊन अंडी घालण्यासाठी खोल पाण्याकडे जातो. अशा वेळी एखाद्या रात्रीचे जाळेही मोठी हानी करू शकते. शेकडो बेटांच्या देशात प्रत्येक खाडीवर सरकारी पहारा बसविणे शक्य नाही. तेथे राखण होईल ती गावकऱ्यांच्या स्वार्थानेच.

या दृष्टीने बहामा सरकारने २०१७ साली केलेल्या नियमांकडे पाहिले पाहिजे. परदेशी हौशी मासेमारांना परवाना सक्तीचा झाला आणि उथळ पट्ट्यांवरील व्यापारी मासेमारीला मनाई झाली. मसुद्यावर वादळ उठले होते. निर्बंधांमुळे पाहुणे दुसऱ्या देशांकडे वळतील, असा आक्षेप घेतला गेला. ही भीती सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. तथापि निसर्गाची ही मिळकत सर्वांची आहे. तिच्या वापराचे मोल आकारण्याचा आणि त्यातील वाटा स्थानिकांकडे वळविण्याचा अधिकार त्या समाजाला नाकारणे न्याय्य ठरणार नाही.

म्हणून हा व्यवसाय निर्दोष ठरतो असे नव्हे. फार वेळ झुंजवून दमवलेला मासा सोडल्यावर शार्क किंवा बॅराकुडाच्या तोंडी सापडतो. त्याला लवकर ओढून, पाण्याबाहेर कमीत कमी वेळ धरून सोडण्याची शिस्त अत्यावश्यक आहे. शिवाय एकाच उत्पन्नावर विसंबणे धोक्याचे असते. एके काळी अँड्रॉसचा संसार समुद्री स्पंजांवर चालत असे. १९३८ च्या सुमारास आलेल्या रोगाने तो धंदा मोडीत काढला. २०१९ च्या ‘डोरियन’ चक्रीवादळाने अबॅको व ग्रँड बहामा उद्ध्वस्त केले, आणि पाठोपाठ २०२० साली महामारीमुळे पर्यटकच थांबले.

तेव्हा केवळ मासा सोडून देण्याचा कायदा करून भागणार नाही. काठी रेटणाऱ्या हातांना नावेची आणि विश्रामगृहाची मालकी मिळावी, त्यासाठी स्वस्त कर्ज व प्रशिक्षण मिळावे, आणि परवान्याच्या शुल्काचा विनियोग त्याच किनाऱ्याच्या रक्षणासाठी व्हावा. जिवंत माशाची किंमत त्याच्या शेजाऱ्यांच्या पदरात पडली, तरच तो जिवंत राहील.