चारशेचा ग्लास, तीन रुपयांचे धान्य



पुण्या-मुंबईत सध्या एक वाद रंगतो. शंभर-सव्वाशेला बर्गर मिळत असताना 'गुर्मे' नावाचा बर्गर चारपाचशेला का घ्यावा? कारखान्याची बिअर असताना हॉटेलातच थोडी थोडी बनवलेली 'क्राफ्ट' बिअर ग्लासाला तीनचारशे मोजून का प्यावी? जास्तीचे पैसे वसूल होतात की नाही? खाणारे म्हणतात, होतात. न खाणारे म्हणतात, ही चैन आहे. ज्याच्या रानातून धान्य जाते त्याला मात्र या वादात कुणी बोलावलेले नाही. म्हणून आपण न बोलावता बोलू.

पहिली गोष्ट. कुणी आपल्या पैशाने काय खावे, हे सांगायचा धंदा आपला नाही. दारूने ज्यांचे संसार बसले त्या मायबहिणींपुढे बिअरचे गुणगान करायलाही आम्ही उभे नाही. पण चांगल्या मालाला गिऱ्हाईक जास्त पैसे मोजते, ही शेतकऱ्याच्या दृष्टीने वाईट बातमी नव्हे. चैनीला नाके मुरडणारे पुढारी आणि विद्वान शेतीमालाच्या भाववाढीलाही तशीच नाके मुरडतात, हे आपण पुष्कळ पाहिले आहे.

दुसरी गोष्ट. ही जास्तीची किंमत म्हणजे सगळा फेसच आहे, असेही नाही. अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या अखेरीस बिअरचे कारखाने शंभराच्याही आत उरले होते आणि सगळ्यांची चव एकसारखी झाली होती. १९७८ साली तिथल्या सरकारने घरी बिअर बनवण्यावरची बंदी उठवली. घरात शिकलेल्या लोकांनी पुढे छोट्या भट्ट्या घातल्या. आज तिथे नऊ हजारांवर भट्ट्या आहेत. सरकारने हात काढला की काय होते, त्याचा हा नमुना. या भट्ट्या लिटरमागे धान्यही मोठ्या कारखान्यांपेक्षा जास्त वापरतात. तेव्हा पिणाऱ्याच्या जिभेला फरक कळत असेल, तर त्याचे पैसे त्याच्यापुरते वसूल झाले.

आता आपला हिशेब मांडू.

अर्धा लिटर बिअरला हात सैल सोडून धरले तरी दीडशे ग्रॅम जव लागतात. जवाचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामासाठी क्विंटलला १,९८० रुपये. म्हणजे चारशेच्या ग्लासात धान्य किती? तीन रुपयांचे. बर्गरच्या पावाला शंभर ग्रॅम गहू धरा. त्याच हंगामाच्या २,४२५ रुपये हमीभावाने तो अडीच रुपयांचा होतो. तीन रुपये आणि अडीच रुपये! बाकीचे पैसे शहरातल्या जागेच्या भाड्यात, उत्पादन शुल्कात, करात, पगारात, यंत्रात, दिव्यांच्या रोषणाईत आणि नफ्यात जातात.

यातला एकही खर्च खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. आमचा सवाल वेगळा आहे. ग्लासाचा भाव ठरवताना जागामालकाचे भाडे धरले जाते, सरकारचा कर धरला जातो, बँकेचे व्याज धरले जाते. मग शेतकऱ्याचे बियाणे, खत, मजुरी आणि व्याज धरायची वेळ आली की 'बाजारात असेल तो भाव' असे का? आणि तो बाजार तरी मोकळा ठेवता का?

उद्या जवाचा भाव दुप्पट झाला तर चारशेचा ग्लास चारशे तीनचा होईल. पिणाऱ्याला पत्ताही लागणार नाही. कापसाचेही तेच. एका शर्टाला पाव किलो रुई, म्हणजे साधारण पाऊण किलो कापूस धरा. मध्यम धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ७,७१० रुपये. त्या भावाने शर्टातला कापूस ५८ रुपयांचा. शर्ट दोन हजारांचा झाला तरी कुणाची तक्रार नाही. कापूस मात्र गिरण्यांना स्वस्त मिळाला पाहिजे, म्हणून २०२५ च्या ऑगस्टमध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले गेले आणि ती सूट वर्षअखेरपर्यंत वाढवली गेली. ऐन वेचणीच्या तोंडावर! वर चढणारा भाव सगळ्यांना चालतो, फक्त तो बांधापर्यंत उतरता कामा नये, असा हा कारभार आहे.

कोरडवाहू शेतकऱ्याने या ग्लासाकडे पाहायचे आणखी एक कारण आहे. इथल्या अनेक छोट्या भट्ट्या माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, परदेशातून आणतात. कडवटपणासाठी लागणारी हॉप्सची फुलेही बाहेरचीच. बिअर मात्र ज्वारीचीही होते. १९८८ साली नायजेरियाने जवाच्या माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथले मोठमोठे कारखाने ज्वारीवर आले. पुढे बंदी उठली तरी ज्वारी टिकली. बंदीचा मार्ग आपला नव्हे. युगांडाचा मार्ग पाहण्यासारखा आहे. २००२ साली तिथे 'ईगल' नावाची ज्वारीची बिअर निघाली. देशातल्या ज्वारीची म्हणून सरकारने तिच्यावरचे उत्पादन शुल्क कमी ठेवले आणि कंपनीने छोट्या शेतकऱ्यांशी ज्वारीचे करार केले.

आपल्याकडे काय झाले? खरिपाची ज्वारी कापणीच्या पावसात काळी पडते, मातीमोल भावाने जाते, म्हणून शेतकऱ्याने ती सोडून सोयाबीन धरले. २००७ साली राज्य सरकारने धान्यापासून दारू काढणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे दहा रुपये अनुदानाची योजना आणली. ती बेतली होती कारखानदाराच्या लिटरवर, शेतकऱ्याच्या क्विंटलवर नव्हे. नाव ज्वारीवाल्याचे आणि पंगत कारखानदाराची!

तेव्हा गुर्मे बर्गर आणि क्राफ्ट बिअर यांना जास्तीचे पैसे मोजावेत का, या प्रश्नाला आपले उत्तर सरळ आहे. खुशाल मोजा. पण 'मातीशी नाते', 'थेट शेतातून' अशा पाट्या लावून पैसे घेणाऱ्याला एवढेच विचारा की, धान्य कुणाचे आणि त्याला काय भाव दिला? उत्तर आले नाही, तर पाटीचे पैसे देऊ नका.

जिल्हा बैठकीत आपण तीन गोष्टींवर बोलू. एक, देशी ज्वारीच्या बिअरला उत्पादन शुल्कात सवलत मिळावी; मात्र शेतकऱ्याशी लेखी करार आणि ठरलेला भाव असेल तरच. दोन, ज्वारीचा माल्ट करण्याचे काम शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांनी हाती घ्यावे, कारण कच्चे धान्य विकणाऱ्याच्या वाट्याला तीनच रुपये येणार. तीन, कच्चा माल स्वस्त ठेवण्यासाठी ऐन हंगामात आयात-निर्यातीचे नियम फिरवणे बंद व्हावे.

चारशेच्या ग्लासातले चारशे आम्हाला नकोत. पण ज्याच्यावाचून तो ग्लास भरतच नाही, त्या धान्याचा उत्पादन खर्च तरी त्यातून निघाला पाहिजे. बैठकीला येताना आपापल्या एकरी खर्चाचा हिशेब कागदावर मांडून आणा.