भांड्यावर नाव आहे, फोटोवर का नाही?

भंडारा म्हटले की पितळ आठवते. वैनगंगेकाठच्या या शहराला लोक पितळी भांड्यांचे शहर म्हणत आले. आपल्या आजीच्या लग्नात आलेला गुंड किंवा तांब्या घरात शिल्लक असेल तर तो जरा उजेडात धरून पाहा. काठाखाली बारीक ठिपक्यांनी नाव कोरलेले सापडेल. कुणी दिले, कुणाला दिले, गाव कोणते, कधीकधी सालही. भांडे कल्हईला गेले, शेजारच्या लग्नात गेले, तरी नावामुळे घरी परत आले.

आता त्याच घरातली फोटोंची पिशवी उघडा. फोटो उलटा करा. मागे बहुतेक वेळा काहीच लिहिलेले नसते. तांब्या कुणाचा हे आपल्याला ठाऊक आहे आणि फोटोत मधोमध उभा असलेला माणूस कोण, हे ठाऊक नाही. या महिन्यात आम्हाला याच गोष्टीवर आपल्याशी बोलायचे आहे.

जुना फोटो म्हणजे फक्त घरच्यांचा चेहरा नव्हे. दुकानासमोर खुर्ची टाकून काढलेला फोटो पाहताना आपली नजर खुर्चीवरच्या माणसावर जाते. थोडी बाजूला न्या. मागे पाटी आहे, पाटीवर भाव आहे, ओट्यावर बसलेले गिऱ्हाईक आहे, कडेला सायकल आहे, कुणाचा तरी अर्धाच हात आलेला आहे. आपल्या छोट्या शहरांच्या गल्ल्यांचा इतिहास फारसा कुणी लिहून ठेवला नाही. किल्ल्यांचे आणि राजांचे लिहिले गेले. कल्हईवाला, बांगड्या भरणारी मनिहारीण, कापूस पिंजणारा, टांगेवाला, विड्या वळणाऱ्या बाया यांचे कोण लिहिणार? ते सापडतात ते अशाच एखाद्या फोटोच्या कोपऱ्यात.

फोटोकलेच्या सुरुवातीपासूनच ही गंमत आहे. 1838 साली पॅरिसमध्ये दागेर नावाच्या माणसाने खिडकीतून एका रस्त्याचा फोटो घेतला. रस्ता वर्दळीचा होता. पण त्या काळी फोटो उमटायला काही मिनिटे लागत. चालणारी माणसे, धावणाऱ्या गाड्या काहीच उमटले नाही. रस्ता ओसाड दिसतो. फक्त एक माणूस बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा होता, म्हणून तो दिसतो, आणि त्याच्या पायाशी बसलेला पॉलिशवाला अंधुक दिसतो. जो थांबला तो राहिला, जो कामाच्या धावपळीत होता तो पुसला गेला. पुढे कॅमेरे वेगवान झाले, तरी फोटोत मधोमध कोण बसणार आणि कडेला कोण राहणार, हे फारसे बदलले नाही.

आपल्याकडेही ही कला लवकर आली आणि आपल्या माणसांनी ती आपलीशी केली. लखनौच्या दरोगा अब्बास अली यांनी 1874 साली आपल्या शहराच्या 50 फोटोंचा एक संग्रह पुस्तकरूपात काढला. 1857 नंतर त्या शहरातली किती तरी बांधकामे पाडली गेली होती. उरलेले टिपून ठेवणे किती गरजेचे होते, हे आज ते फोटो पाहताना कळते.

भंडाऱ्यासारख्या ठिकाणी फोटोवर तारीख नसली तरी ती शोधता येते. हा घरातल्या मुलांसाठी चांगला खेळ आहे. पाटी वाचा. हा जिल्हा आधी मध्य प्रांतात होता. पुढे मध्य प्रदेशात आला, तेव्हा राजधानी नागपूर होती. 1 नोव्हेंबर 1956 ला तो मुंबई राज्यात गेला आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात. पाटीवर ‘सी. पी.’ असेल, ‘म. प्र.’ असेल किंवा ‘महाराष्ट्र’ असेल, त्यावरून काळाचा अंदाज येतो. पत्त्यात गोंदियाच्या पुढे ‘जि. भंडारा’ लिहिले असेल तर पाटी 1 मे 1999 च्या आधीची असण्याची शक्यता मोठी, कारण त्या दिवशी गोंदिया जिल्हा वेगळा झाला.

भाव पाहा. आणे लिहिले असतील तर बहुधा 1957 च्या आधीचा काळ, कारण त्या वर्षी एप्रिलपासून नवे पैसे आले. शेर आणि मण असतील तर किलो रुळण्याआधीचा. भिंतीवर निवडणुकीचा कागद दिसला तर तोही वाचा. 1954 साली भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. ते हरले, पण त्या दिवसांत इथल्या गल्ल्यांत काय वातावरण असेल, याचा एखादा तुकडा कुणाच्या तरी पेटीत पडून असू शकतो. सिनेमाचे पोस्टर असेल तर फारच सोपे. ‘मुगल-ए-आझम’ 1960 चा, म्हणजे फोटो त्याच्या आधीचा नाही. गाडीचा नंबर ‘एमएच 36’ असेल तर फोटो 1989 च्या अलीकडचा.

फोटोचा आकारही बोलतो. चौकोनी काळापांढरा छोटा फोटो असेल तर तो ‘आगफा क्लिक’सारख्या साध्या कॅमेऱ्याचा असू शकतो. त्याच्या एका रिळात 12 फोटो निघत. बारा म्हणजे बाराच. म्हणून लोक ईदच्या दिवसापर्यंत रीळ राखून ठेवत. मागे डोंगर आणि तळे रंगवलेला पडदा असेल तर तो स्टुडिओतला किंवा दिवाळीनंतरच्या मंडईतला. आपल्या झाडीपट्टीत मंडईला सगळे गाव लोटते, आणि त्या गर्दीत हिंदू, मुसलमान, बौद्ध असे वेगळे पडदे नसतात. एकाच रंगवलेल्या तळ्यासमोर सगळ्यांनी फोटो काढून घेतले.

आता एक नाजूक गोष्ट. आपल्या अनेक घरांत फोटो मुळातच कमी आहेत. तस्वीर काढावी की नाही, यावर उलेमांमध्ये मतभेद राहिले आहेत. काहींनी ती फक्त गरजेपुरती जायज मानली. त्यामुळे कित्येक घरांत दादीचा आयुष्यातला एकुलता एक फोटो म्हणजे हजच्या पासपोर्टसाठी काढलेला. ओढणी नीट घेतलेली, नजर थोडी बावरलेली. ज्यांनी अकीद्यापोटी फोटो टाळले, त्यांचा आम्ही आदर करतो. पण मग त्या घरांची जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते. फोटो नसेल तर सांगितलेले लिहून ठेवायला हवे.

आणि हे आपल्याला नवे नाही. हदीस ऐकली की आपले बुजुर्ग आधी विचारत, कुणाकडून ऐकली? त्यांनी कुणाकडून ऐकली? सनद पाहिल्याशिवाय ते पुढे जात नसत. कुराणाच्या किंवा एखाद्या किताबच्या कोऱ्या पानावर मुलांच्या जन्माच्या तारखा लिहिण्याची रीत कित्येक घरांत आहे. ज्या समाजाला एवढी सवय आहे, त्याच्या फोटोंच्या पाठी कोऱ्या का राहाव्यात?

यात भावनेखेरीज रोजच्या कामाचाही भाग आहे. महाराष्ट्रात ओबीसी दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागितला जातो. आपल्यातल्या पिंजारी, बागवान, अत्तार, मोमीन अशा बिरादरींच्या मुलांना ही अडचण चांगली माहीत आहे. फोटो हा काही असा पुरावा नव्हे. पुरावा शाळेच्या किंवा महसुलाच्या कागदात असतो. पण आजोबा कोणत्या गल्लीत, कोणत्या धंद्यात, कोणत्या शाळेसमोर उभे होते हे फोटोने सांगितले तर कोणत्या दप्तरात शोधायचे, हे तरी कळते.

दुसरी गोष्ट याहून मोठी. आपण इथे कसे राहत होतो, शेजारी कोण होते, एकमेकांच्या लग्नात कुणी पाण्याची भांडी दिली, हे सांगणारे लोक कमी होत आहेत. स्टीलने पितळ मागे टाकले, कल्हईवाल्याचा भाता गल्लीतून गेला, रस्ते रुंद झाले आणि ओटे तुटले. उद्या कुणी आपल्या मुलांना विचारले की तुमचे लोक इथे कधीपासून, तर त्यांच्याजवळ वाद घालण्यापेक्षा दाखवायला काही असावे.

म्हणून थोडे काम सांगतो. शाबानमध्ये रमजानच्या आधीची साफसफाई निघते, तेव्हा सर्वांत आधी कचऱ्यात जातात ते जुने फोटो आणि निगेटिव्ह. ते टाकू नका. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो आणि शाई पसरते. अल्बमला चिकटलेला फोटो ओरबाडू नका, आहे तसाच मोबाइलने टिपा, फ्लॅश बंद ठेवून, खिडकीच्या उजेडात. पुढची आणि मागची, दोन्ही बाजू टिपा. पावसाळ्यात ओल लागणाऱ्या भिंतीजवळची पेटी हलवा. लॅमिनेशन करू नका, ते पुन्हा निघत नाही.

आणि घरातल्या सर्वांत वयस्क बाईंजवळ बसा. पुरुषांना दुकानांची नावे आठवतात. बायांना कुणाची मुलगी कुणाकडे दिली आणि कोणत्या घरातून विहिरीचे पाणी येई, हे आठवते. त्या स्वतः फोटोत क्वचितच असतात, कारण फोटो निघत असताना त्या आत चहा ठेवत होत्या. त्यांना विचारा, हा कोण, ही जागा कोणती, आणि या वेळी तुम्ही कुठे होता? त्यांचे उत्तर फोटोच्या मागे त्यांच्या नावासह लिहा.

काठावर नाव कोरायला कारागिराला दोन-चार मिनिटे लागत. पेन्सिलीने लिहायला त्याहून कमी वेळ लागतो.