मंडपवाला म्हणू नका, नेपथ्यकार म्हणा

दर्यापुरात लग्न असो, गणपतीचा देखावा असो की शाळेचं स्नेहसंमेलन, आदल्या रात्री कोणीतरी जागून ती जागा उभी करतो. बांबू बांधतो, कापड ताणतो, पायऱ्या ठोकतो, दिवे कुठे लागतील ते ठरवतो. याच माणसाला लग्नात ‘डेकोरेशनवाला’ म्हणतात, गणपतीत ‘मंडपवाला’, आणि नाटकात तर ‘अरे, ते मागचं कोण करते, त्याले बोलाव’ एवढंच. त्याच्या कामाला मराठीत दीडशे वर्षांचा इतिहास असलेला शब्द आहे: नेपथ्य. तो शब्द आपण त्याला द्यायला तयार नाही. माझं भांडण या कंजूषपणाशी आहे. तो फक्त शब्दांचा कंजूषपणा नाही, त्यातून एक अख्खं करिअर वऱ्हाडातल्या पोरापोरींच्या हातातून निसटतं.

आधी इतिहास बघू. 1880 साली पुण्यात किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ उभं राहिलं आणि रंगवलेल्या पडद्यांची हौस मराठी नाटकाला लागली. जंगल, राजवाडा, रस्ता, सगळं कापडावर. हे पडदे रंगवणारे लोक कोण होते? कोल्हापूरच्या मेस्त्री घराण्यातले आनंदराव आणि बाबूराव हे त्यातले दोघे. बाबूरावांच्या नावाला ‘पेंटर’ चिकटलं ते या धंद्यामुळे, आणि पुढे 1920 मध्ये ‘सैरंध्री’ करून मराठी सिनेमाचा पाया घालणारा माणूस हाच. पडदे रंगवता रंगवता शिकलेली नजर त्याने कॅमेऱ्यासमोर नेली. ललितकलादर्श नाटक मंडळीत पु. श्री. काळे हे चित्रकार नेपथ्य करत होते, आणि रंगवलेल्या पडद्याकडून खऱ्या खोलीसारख्या दिसणाऱ्या रंगमंचाकडे जाणारी वाट तिथे तयार होत होती. 1933 मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ केलं तेव्हा भिंती, दारं, खुर्च्या असलेली घरातली खोली मराठी प्रेक्षकांसमोर ठामपणे उभी राहिली.

या क्षेत्रातलं एक नाव आपल्याकडच्या प्रत्येक चित्रकला शिक्षकाने वर्गात घ्यायला हवं, ते द. ग. गोडसे. 1914 साली जळगाव जिल्ह्यातल्या वढोद्यात जन्म, पुढे लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये कलाशिक्षण, आणि मग शंभराहून जास्त नाटकांचं नेपथ्य आणि वेशभूषा. याच माणसाने ‘पोत’सारखं पुस्तक लिहिलं, शिल्प आणि इतिहासावर मूलभूत लेखन केलं. म्हणजे नेपथ्यकार हा फळ्या ठोकणारा गडी असतो, हा समज गोडशांनी एकट्याने खोटा पाडला होता. तरी तो समज आपल्याकडे अजून ठणठणीत आहे.

आता पहिला आक्षेप: ‘डेकोरेशन आणि नेपथ्य, फरक काय? दोन्ही सजावटच.’ फरक मोठा आहे. लग्नाचं स्टेज समोरून बघायचं असतं, त्याचं काम फोटोत संपतं. नाटकाच्या सेटमध्ये माणसं दोन तास राहतात. दार उघडलं पाहिजे आणि बंदही झालं पाहिजे. पायरी पाऊण फूट उंच झाली तर म्हातारीचं काम करणारी नटी रोज अडखळेल. खाट डावीकडे ठेवली तर बापलेकाचं भांडण प्रेक्षकांकडे पाठ करून होईल. नेपथ्यकार संहिता वाचतो, तालमी बघतो, मग रेषा मारतो. ज्या पोराने गणपतीचा देखावा उत्तम केला त्याच्या हातात कसब आहेच, त्याला या दुसऱ्या शिक्षणाची जोड हवी. ती मिळत नाही, कारण आपण दोन्ही कामं एकाच तागडीत टाकतो.

दुसरा आक्षेप जरा शहाणा असतो: ‘चांगल्या नाटकाला सेट लागतच नाही.’ उदाहरणं तयार असतात. 1972 च्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये माणसांचीच भिंत होती. लक्ष्मण देशपांड्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ एकट्याने उभं केलं. खरं आहे. पण ती माणसांची भिंत हीसुद्धा रंगमंचाची रचनाच होती. कोण कुठे उभा राहील, कधी वळेल, कधी लपवेल आणि कधी उघडं करेल, हे कोणीतरी विचार करून ठरवलं होतं. रिकामा रंगमंच हा निर्णय असेल तर तो नेपथ्य आहे. पैसे नाहीत, वेळ नाही, माणूस नाही म्हणून रंगमंच रिकामा राहिला तर ती अडचण आहे. आपण आपल्या अडचणीला शैलीचं नाव देऊन मोकळे होतो.

आणि रिकाम्या जागेचं शास्त्र वऱ्हाडाला बाहेरून शिकायची गरज नाही. शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभे राहायचे. हातात खराटा, सोबत फुटकं खापर. लोक कीर्तनाला येईपर्यंत ती जागा बदललेली असायची, आणि ती कोणी बदलली हे सगळ्यांना माहीत असायचं. बाबांना नेपथ्यकार ठरवण्याचा हट्ट नाही. पण दोन वस्तू आणि एक स्वच्छ केलेली जागा किती बोलू शकते, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. ‘दर्यापुरात राहून नेपथ्यावर घर चालेल का?’ फक्त नाटकाच्या नेपथ्यावर, आज, नाही. मुंबईत बाबा पार्सेकर, प्रदीप मुळ्ये, राजन भिसे यांची नावं नाटकाच्या जाहिरातीत लेखक-दिग्दर्शकाच्या सोबत आली, कारण तिथे प्रयोगांची साखळी आहे. आपल्याकडे ती नाही. पण प्रश्न असा विचारा: लग्नाचे स्टेज, मिरवणुकीतले चित्ररथ, कृषी प्रदर्शनाचे दालन, गणपती-देवीचे देखावे, रील आणि वेबसिरीजचे सेट, यांवर वऱ्हाडात पैसा खर्च होतो की नाही? होतो. तो पैसा मजुरीच्या दराने वाटला जातो, कारण करणाऱ्याकडे आराखडा नसतो, नाव नसतं, कामाची फाईल नसते. नेपथ्य शिकलेला माणूस आधी कागदावर रेखाटन देतो, मापं देतो, खर्च सांगतो आणि मग खिळा ठोकतो. कल्पनेचे पैसे वेगळे आणि हाताचे वेगळे, हे तो म्हणू शकतो.

हे शिकायचं कुठे? पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठात अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे, दिल्लीत राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. आपली पोरं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा देतात, त्यात भूमिती, संकल्पचित्र, वस्तुचित्र सगळं येतं. म्हणजे नेपथ्याची मुळाक्षरं आठवी-नववीतच गिरवून होतात. मग दहावीला वाढीव गुण मिळाले की पाटी पुसून टाकतात. याच गुणांच्या पुढे एक रस्ता आहे, हे करिअर मार्गदर्शनाच्या शिबिरात सांगायला काय हरकत आहे?

विद्यापीठांच्या युवा महोत्सवांची यादीही बघा. एकांकिका आहे, प्रहसन आहे, मूकनाट्य आहे. चित्रकला, कोलाज, मातीकाम, रांगोळी, इन्स्टॉलेशनसुद्धा आहे. नेपथ्याची स्पर्धा मात्र नाही. चित्रकलेची पोरं एका मांडवात, नाटकाची दुसऱ्या, आणि दोघांच्या मधली कला कोणाचीच नाही. 1954 पासून चालत आलेल्या राज्य नाट्य स्पर्धेत नेपथ्याला निदान बक्षीस तरी आहे. तिथेही परीक्षकांनी प्लायवूडच्या आकाराला भुलू नये. सेट नाटकाला काय देतो, एवढंच बघावं.

शेवटची गोष्ट सामानाची. 2018 मध्ये सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली आणि अनेकांचं डोकंच चालेना, कारण दुसरं काही हाताळलेलं नव्हतं. आपण खारपाणपट्ट्यात राहतो. इथे पऱ्हाट्या आहेत, तुराट्या आहेत, बांबूचे तट्टे, बारदाना, जुनी कवेलू, काळी माती आहे. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचं नाटक करायचं आणि मागे छापील फ्लेक्सवर कोकणातलं घर लावायचं, हा प्रकार आता बंद झाला पाहिजे. आपलं धाब्याचं घर कसं दिसतं, ओसरीवर संध्याकाळचा उजेड कुठून येतो, हे मुंबईच्या नेपथ्यकाराला येऊन शिकावं लागेल. तुम्हाला ते जन्मापासून माहीत आहे. हे तुमचं भांडवल आहे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. निमंत्रणपत्रिकेवर, पोस्टरवर, इन्स्टाच्या पोस्टवर नेपथ्यकाराचं नाव छापा. महोत्सवात नेपथ्याची स्पर्धा घ्या. प्रयोग संपल्यावर सेट जाळू किंवा भंगारात देऊ नका, तालुक्यातल्या सगळ्या नाटकवाल्यांनी मिळून एक खोली घ्या आणि सामान तिथे ठेवा. आणि जो आदल्या रात्री जागतो त्याला ‘मागचं करणारा’ म्हणू नका. पडदा उघडला की प्रेक्षकांना पहिल्यांदा त्याचंच काम दिसतं, नट नंतर येतात.