तबकडीवरची नावे

नावाची किंमत काय असते, हे आपल्या गिरणगावात कुणाला शिकवावे लागत नाही. हजेरीपटावर नाव असेल तर पगार, नसेल तर नुसताच घाम. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. पुढे म्हाडाच्या घरासाठी अर्ज करायची वेळ आली, तेव्हा घरोघरी ट्रंका उपसून जुने पास, पगाराच्या चिठ्ठ्या, ईएसआयची कार्डे शोधली गेली. राबले सगळेच होते, पण ज्याचे नाव कागदावर सापडले त्याचेच राबणे खरे ठरले. वाचकहो, संगीतातही असा हजेरीपट असतो. आज त्याची एक गोष्ट सांगतो. गोष्ट जगप्रसिद्ध इंग्रजी बँडची आहे, पण घडली आपल्याच मुंबईत.

बीटल्स हे नाव तरुण वाचकांनी ऐकले असेल. लिव्हरपूल या बंदराच्या, कामगारांच्या शहरात 1960 साली हा बँड उभा राहिला. त्यातला गिटारवाला जॉर्ज हॅरिसन हा बसवर नोकरी करणाऱ्या बापाचा मुलगा. सुरुवातीला ही मुले नाचाची, प्रेमाची गाणी गात. 1965-66 च्या सुमारास त्यांचे संगीत बदलले. टेप उलटी फिरवायची, एका आवाजावर दुसरा चढवायचा, परदेशी वाद्ये मिसळायची आणि ऐकणाऱ्याला स्वप्नात असल्यासारखे वाटायला लावायचे. या तऱ्हेच्या संगीताला 'सायकेडेलिक रॉक' म्हणतात. त्या काळी इंग्लंड-अमेरिकेतील तरुणांत अमली पदार्थांचे वेड होते आणि त्याची छाया या संगीतावर पडली, हेही सांगितले पाहिजे. ते वेड घेण्यासारखे नाही. मात्र त्या संगीताच्या जडणघडणीत आपल्या लोकांचे हात होते, ते विसरण्यासारखे नाहीत.

1965 मध्ये हॅरिसनने एका गाण्यात प्रथम सतार वाजवली. पुढच्या वर्षी 'रिव्हॉल्व्हर' या तबकडीतील एका गाण्याला लंडनमध्ये अनिल भागवत यांनी तबल्याची साथ केली आणि त्यांचे नाव तबकडीच्या वेष्टनावर छापले गेले. 1967 च्या 'सार्जंट पेपर' मध्ये मात्र तसे झाले नाही. दिलरुबा, तंबोरा, तबला वाजवणारे भारतीय कलावंत तिथेही होते, पण वेष्टनावर त्यांची नावे आली नाहीत. त्या तबकडीचे मुखपृष्ठ साऱ्या जगाने पाहिले. त्यावर कितीतरी प्रसिद्ध माणसांचे चेहरे आहेत. आत वाजवणारे हात कुणाचे, हे मात्र लोकांना कित्येक वर्षे कळले नाही.

आता मुंबईकडे येऊ. करी रोडहून धिमी गाडी धरली की चिंचपोकळी, भायखळा, सँडहर्स्ट रोड, मशीद आणि मग शेवटचे स्टेशन. तिथून पायी जाता येईल अशा फिरोजशहा मेहता रोडवर त्या काळी एचएमव्ही कंपनीचा स्टुडिओ होता. जानेवारी 1968 मध्ये हॅरिसन तिथे आला. 'वंडरवॉल' नावाच्या चित्रपटाचे संगीत त्याला करायचे होते. स्टुडिओ साधाच होता, रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आत येई. स्टीरिओ ध्वनिमुद्रणाचे यंत्र कंपनीचे भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून आणवले. पाचेक दिवस काम चालले. सरोदवर आशिष खाँ, तबल्यावर महापुरुष मिश्रा, संतूरवर शिवकुमार शर्मा, सुरबहारवर चंद्रशेखर नारिंग्रेकर, बासरीवर केंकरे, हार्मोनियमवर रिजराम देसाद आणि सनईवर हनुमान. हनुमान यांचे आडनाव इंग्रजी नोंदींत 'जादेव' असे लिहिलेले आढळते. मराठी कानाला त्यात जाधवच ऐकू येते.

त्याच दिवसांत आणखी एका गाण्याची चाल वाजवून घेतली गेली. ते गाणे 'द इनर लाइट'. मार्च 1968 मध्ये ते बीटल्सच्या छोट्या तबकडीच्या मागच्या बाजूला आले. या गाण्यात एकाही बीटलने एकही वाद्य वाजवलेले नाही. त्यांनी लंडनमध्ये फक्त आवाज दिला. वाद्यांचा सूर न् सूर मुंबईतला आहे. तबकडीवर नाव मात्र एकच, बीटल्स.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'वंडरवॉल' ची मोठी तबकडी निघाली. तिच्यावर या मंडळींची नावे वाद्यांसह छापलेली आहेत. म्हणजे स्टुडिओ तोच, आठवडा तोच, माणसे तीच. एका तबकडीवर ती हजर, दुसरीवर गैरहजर. छोट्या तबकडीवर साथीदारांची नावे छापायची नाहीत, अशी त्या धंद्याची तेव्हाची रीतच होती. म्हणून एकट्या हॅरिसनला दोष देता येणार नाही. पण रीत कुणाच्या सोयीची असते, हे आपल्याला जगात कुणी सांगावे लागत नाही. गावगाड्यात सनईशिवाय मुहूर्त होत नसे आणि वाजवणारा मात्र मांडवाबाहेर बसे. लग्नपत्रिकेत आत्या-मामांची नावे ओळीने असतात. वाजंत्र्याचे नाव कुणी पाहिले आहे का?

आता थोडे आपल्याकडे पाहू. आपल्या गायन पार्ट्यांनी बाबासाहेबांचा विचार वस्तीवस्तीत पोहोचवला. जयंतीच्या कार्यक्रमाचे पत्रक काढून पाहा. गायकाचे नाव ठळक अक्षरांत, खाली अध्यक्ष, उद्घाटक, स्वागताध्यक्ष यांची रांग. मग शेवटी दोन शब्द, 'आणि संच'. ढोलकीवाला, पेटीवाला, बुलबुलवाला, कोरसमधल्या बहिणी, सगळे त्या दोन शब्दांत पुरले जातात. गीत कुणाचे, हेसुद्धा कित्येकदा सांगितले जात नाही. वामनदादा कर्डक (1922-2004) आपल्या गीतांच्या शेवटच्या ओळीत 'वामन' हे नाव गुंफत. कागद हरवला तरी गाणाऱ्याच्या तोंडून कवीचे नाव निघणारच, ही त्याची थोरवी. पण ढोलकीच्या थापेत नाव गुंफता येत नाही. ते काम आपणच केले पाहिजे.

मंडळांच्या कार्यकर्त्यांना म्हणूनच माझी विनंती आहे. पत्रक छापताना दोन ओळी वाढवा आणि प्रत्येक साथीदाराचे नाव वाद्यासह घाला. माईकवरून गीतकाराचे नाव घ्या. मोबाइलवर चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकता, तेव्हा खाली सर्वांची नावे लिहा, आडनाव नीट विचारून लिहा. आणि ज्यांच्या घरी जुन्या पार्टीचे फोटो असतील, त्यांनी घरातील वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांच्याकडून ओळखून घेऊन फोटोच्या पाठीवर नावे लिहून ठेवा. याला पैसा लागत नाही. एक पेन आणि एक संध्याकाळ पुरते.